जात्याभोवतीचा संसार
भोर-वेल्ह्याच्या ओव्यांतील नवविवाहितेविषयी काही विचार

मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओवीसाठी दोन दालने राखून ठेवली आहेत. एक सासुरवासाचे, दुसरे भक्तीचे. ओवी म्हटली की एकतर माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली सासुरवाशीण आठवते, नाहीतर विठूरायाला हाक घालणारी वारकरीण. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासून आजवरच्या संग्रहांत ही दोन्ही दालने भरगच्च आहेत, आणि त्यांतील वेदना व श्रद्धा खरी आहे याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु या घराला एक लहानसे तिसरे दालनही आहे, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आले आहे. लग्नाला वर्ष-दोन वर्षे झालेल्या जोडप्याची हौस, त्यांची फजिती, रुसवे आणि हसू यांचे ते दालन. समीक्षक तेथे क्वचितच डोकावले आहेत. धर्मगुरूंनी तर बहुधा नाहीच.

नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागले की मार्गासनीच्या पुढे तोरणा डोळ्यांत भरू लागतो. पावसाळ्यात भाताची खाचरे, वरकस उतारावर नाचणी आणि वरई, आणि ढगांत हरवलेले गड असा हा मुलूख. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. भोर हे 1948 पर्यंत संस्थान होते. भातशेतीवर वर्षाचे पोट भरत नसल्याने येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरीत आले. त्यामुळे नव्या नवरीचा संसार पुष्कळदा सासूबरोबर, जावेबरोबर आणि जात्याबरोबरच सुरू होई. नवरा शिमग्याला किंवा गौरी-गणपतीला येणारा पाहुणा असे. या मुलखातील ओवी ऐकताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

या ओव्या आज आपल्यापुढे आहेत, याचे मोठे श्रेय हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइत्वाँ या दोघांना आहे. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या डोंगरी पट्ट्यातील गरीब कुटुंबांत संघटनेचे काम करता करता त्यांच्या कानी बायकांची ओवी पडली, आणि पुढे महाराष्ट्रभरच्या हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. गी पॉइत्वाँ 2004 साली निवर्तले. हा सारा ठेवा आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या उपक्रमाने सर्वांसाठी खुला केला आहे. या संग्रहाचा विशेष असा की त्यात ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. ओवी ही ‘लोकांची’ म्हणून बेवारस न ठेवता, ती कोणा एकीची आहे हे येथे मान्य केले गेले. समीक्षेच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होय.

ओवीची घडण साधी असते. ज्ञानेश्वरीची ओवी ग्रंथाची. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. समोरासमोर बसलेल्या दोघीजणी खुंटा धरतात, एक ओळ उचलते, दुसरी ती झेलते. पहिल्या ओळीत एखादे दृश्य येते, दुसरीत मनातले बोलणे. दगडाच्या घरघरीत शब्द ओसरीपलीकडे जात नाहीत, आणि गेलेच तरी ‘ते गाणे आहे’ असे म्हणता येते. बोलायची चोरी असलेल्या घरात नव्या सुनेला पहाटेचा तो एक तास हक्काचा होता. म्हणूनच ओवी वाचताना ती काय म्हणते एवढेच पाहून चालत नाही. ती काय म्हणण्याचे टाळते, हेही पाहावे लागते.

नवऱ्याचे नावच घ्या. उखाण्याचा प्रसंग सोडला तर ते तोंडाने घ्यायचे नाही. ओवीत तो ‘भर्तार’ होतो, ‘कंथ’ होतो, कधी नुसता ‘चुडा’ होतो. पण आम्हांस सर्वांत लोभस वाटलेला शब्द आहे ‘हौशा’. हौशा म्हणजे श्रीमंत नव्हे, कर्तबगारही नव्हे. ज्याला आपल्या माणसासाठी काहीतरी आणावेसे वाटते, खिशात असो वा नसो, तो हौशा. चोळीचा खण, कासाराकडची कांकणे, बाजारातला खाऊ या वस्तू ओव्यांतून पुन्हा पुन्हा येतात. त्यांची किंमत थोडी. परंतु ज्या घरात दोघांनी एकमेकांशी चारचौघांत बोलायचे नाही, त्या घरात खणाचा रंग हेच बोलणे असते. ‘हौशा’ या एका शब्दात कौतुक आहे, थोडी चेष्टा आहे, आणि ‘जरा हिशेबाने वागा’ अशी तक्रारही आहे. पत्नीने पतीला दिलेले इतके नेमके विशेषण आम्हांस आमच्या विवाहविषयक पुस्तकांत आढळलेले नाही.

तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत एका वृद्ध मावशींनी आम्हांस त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची हकीगत सांगितली होती. यजमान मुंबईहून आले ते कांकणे घेऊनच. वास्तविक कांकणे भरायला बाईने स्वतः कासारापुढे हात धरायचा असतो. या गृहस्थांनी हौसेने अंदाजाने घेतली, आणि ती लहान निघाली. रात्री दिव्याच्या उजेडात साबण लावून भरण्याचा खटाटोप झाला. तीन फुटली, हात ओरखडला, आणि ‘काय फुटलं गं?’ म्हणून सासूबाईंनी आतून विचारले. सकाळी जात्यावर बसताना हात पदराखाली. मावशी हसून म्हणाल्या, ‘फादर, मी त्याची ओवीच केली.’ त्या ओवीत दोष होता कासाराचा. त्याने माप चुकवले! नवऱ्याच्या चुकीचा उच्चारदेखील नाही.

या ओवीला काय म्हणावे? पतीची लाज झाकणारी माया म्हणावे, की पतीविरुद्ध बोलण्याची भीती म्हणावे? आम्ही मावशींना तसे विचारले. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, ‘त्या साली माया व्हती. पुढं भ्याव आलं. मग म्हातारपणी पुन्यांदा माया.’ एका ओवीचे इतके प्रामाणिक भाष्य कोणा विद्वानालाही साधले नसते. शब्द तेच राहतात. संसाराच्या ज्या टप्प्यावर ते गायले जातात, त्याप्रमाणे त्यांचा अर्थ बदलतो. संग्रहांतील बहुतेक ओव्या मोठ्या वयाच्या स्त्रियांच्या तोंडून आल्या आहेत. त्यांतली नवी नवरी ही पुष्कळदा आठवलेली नवरी आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. नवऱ्याचा राग, उचललेला हात, सवत हेही ओव्यांत आहे, आणि तेही कधीकधी हसण्याच्या सुरात आहे. तेव्हा ‘पाहा, आमच्या आज्या किती आनंदाने नांदल्या’ असे सांगण्यासाठी ओवीचा उपयोग करणे हा तिच्यावर अन्याय होईल. फजिती आणि जाच यांतील अंतर ओळखणे हे रसिकाचे काम आहे, आणि धर्मगुरूचेही. लहान निघालेली कांकणे ही फजिती होय. फोडलेली कांकणे ही फजिती नव्हे. मार खाऊन आलेल्या भगिनीला ‘संसारात भांड्याला भांडे लागायचेच’ असे सांगून परत पाठवण्याची चूक आमच्यापैकी काहींच्या हातून झाली आहे. ओवी नीट ऐकली असती तर ती कदाचित टळली असती.

ओवी जे पदराआडून बोलते, ते उघड बोलण्याचे धैर्य मराठीत लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवले. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्या पतीला सरळ ‘टिळक’ म्हणतात. त्यांचा उधळा दानशूरपणा, त्यांचा संताप, त्यांचे हरवलेपण यांवर मनमोकळे हसतात आणि त्यांच्यावरील प्रेमही लपवीत नाहीत. 1895 साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि दोघांची ताटातूट झाली. 1900 साली लक्ष्मीबाईंनीही तो स्वीकारला. एवढ्या वादळातून जाऊनही ज्या पुस्तकात विनोद आटत नाही, त्याची मुळे आम्हांस जात्याजवळच सापडतात. भोर-वेल्ह्याच्या बाया आणि जलालपूरच्या गोखल्यांची लेक यांच्यात जातीचे आणि शिक्षणाचे अंतर असेल. घरातील लहान गोष्टीतून माणूस ओळखण्याची नजर एकच आहे.

आपल्या पवित्र शास्त्राला या लहान गोष्टींचे वावडे नाही. तोबीतच्या ग्रंथात विणकाम करून घर चालवणाऱ्या हन्नाला मजुरीवर एक करडू मिळते. दृष्टी गेलेला तोबीत ते चोरीचे समजतो, आणि दोघांचे चांगलेच जुंपते. त्याच ग्रंथात लेकीच्या लग्नाच्या रात्री जावई वाचणार नाही या भीतीने सासरा गुपचूप खड्डा खणून ठेवतो, दासीला दिवा घेऊन पाहायला पाठवतो, आणि दोघे शांत झोपलेली आहेत असे कळताच उजाडण्यापूर्वी तो बुजवून टाकायला लावतो. या प्रसंगाला हसू येऊ नये तर काय? आणि त्याच खोलीत त्या दोघांची नितांत सुंदर प्रार्थनाही आहे. काना येथे प्रभूने पहिले चिन्ह केले, तेही कोणाच्या मरणाच्या दारी नव्हे. लग्नघरी द्राक्षारस संपला, यजमानांची फजिती होणार होती, आणि ती पवित्र मरियेच्या आधी लक्षात आली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली रायतूर येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच रचले, ही गोष्टही येथे आठवते. शुभवर्तमान मराठीत आले ते ओवीच्या पावलांनी.

उलट आमचे, म्हणजे आम्हां धर्मगुरूंचे, विवाहावरील लेखन पाहावे. त्यात संस्कार आहे, नियम आहे, कर्तव्य आहे; कांकणे नाहीत, करडू नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात ‘कृपया’, ‘धन्यवाद’ आणि ‘क्षमा करा’ या तीन शब्दांवर भर दिला आणि सकाळचे चुंबन, दारात वाट पाहणे, घरकाम वाटून घेणे यांची आवर्जून आठवण केली, तेव्हा कित्येकांना ते विषयांतर वाटले. आम्ही स्वतः संसार केलेला नाही. त्यामुळे आम्हांस तर हे ऐकूनच शिकावे लागते. ओवी ही आमची एक शाळा आहे.

पिठाची गिरणी आली आणि बाईच्या पाठीवरचे मोठे ओझे उतरले. त्याबद्दल हळहळ करणे हा केवळ न दळणाऱ्यांचा शौक होय. परंतु दळणाबरोबर तो बोलण्याचा तासही गेला. आता जाते बाहेर निघते ते लग्नाच्या हळदीपुरते. आजची नवविवाहित सून कामावर जाते, दमून परतते. तिने आपली हौस आणि फजिती कोणाला सांगावी? तिच्या नवऱ्याने तरी कोणाला सांगावी? विवाहपूर्व शिबिरात आम्ही त्यांना दोन दिवस सांगत असतो. पुढच्या दोन वर्षांत त्यांचे ऐकायला मात्र कोणी बसत नाही.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्या घरी आजी असेल तर तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची एखादी हकीगत विचारा, आणि ओवी असेल तर ती तिच्या नावासह लिहून ठेवा. आजी हसेल, कदाचित मध्येच गप्प होईल. त्या गप्प होण्यालाही वेळ द्या. आणि मग घरातल्या नव्या सुनेकडे वळून तिलाही तोच प्रश्न विचारा.