पोलीस प्रशिक्षणातील सिम्युलेटर आणि सार्वजनिक निधी : एक चिकित्सा

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. तथापि राज्यांच्या पोलीस दलांचे आधुनिकीकरण व्हावे म्हणून केंद्र शासन १९६९-७० पासून अर्थसाहाय्य देत आले आहे. शस्त्रे, वाहने व संपर्कयंत्रणा यांबरोबरच प्रशिक्षणाची साधनेही या योजनेच्या कक्षेत येतात. गोळीबाराचा सराव पडद्यावर करून घेणारा सिम्युलेटर हे त्यांपैकी एक खर्चिक साधन होय. त्यावरील खर्च सार्थकी लागला की नाही हे कोणत्या निकषावर ठरवावे, हा खरा प्रश्न आहे.

सिम्युलेटरचे लाभ नाकारता येत नाहीत. लेसर बसविलेल्या शस्त्रामुळे काडतुसे वाचतात, अपघाताचा धोका टळतो आणि चूक तत्काळ दाखविता येते. परंतु नेम अचूक असणे आणि गोळी झाडावी की नाही याचा निर्णय योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली यंत्र मोजते. दुसरीसाठी कायदा जाणणारा प्रशिक्षक लागतो. ज्याच्यावर मृत्युदंड वा जन्मठेपेस पात्र गुन्ह्याचा आरोप नाही, अशा व्यक्तीचा अटक करताना मृत्यू घडविण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ देत नाही. १ जुलै २०२४ पूर्वी हीच मर्यादा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ मध्ये होती. पडद्यावरील प्रसंगानंतर या मर्यादेची चर्चा झाली नाही, तर हात तयार होतो, विवेक नाही.

दुसरा मुद्दा संधीचा आहे. ‘कॉमन कॉज’ व सीएसडीएस यांच्या २०१९ च्या अहवालानुसार २०१२ ते २०१६ या काळात सरासरी केवळ ६.४ टक्के पोलिसांना सेवांतर्गत प्रशिक्षण मिळाले. त्यातही शिपायांपेक्षा वरिष्ठांना संधी अधिक होती. वस्तुतः जमावासमोर प्रथम उभा राहतो तो शिपाईच. त्याची बंदोबस्तातून सुटका होत नसेल, तर प्रशिक्षण केंद्रातील यंत्राचा त्याला उपयोग काय?

अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र रक्कम खर्ची पडल्याची ग्वाही देते, शिपाई शिकल्याची नव्हे. म्हणूनच निधी मंजूर करताना प्रशिक्षकाचे पद, शिपायांसाठी राखीव दिवस, स्थानिक भाषेतील प्रसंग आणि देखभालीची तरतूद या अटी घालणे आवश्यक ठरते. त्यांच्या अभावी आधुनिकीकरण साठा-नोंदवहीपुरतेच उरेल.