‘श्यामची आई’मधील निरागसता आणि नैतिक चांगुलपणा

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ (१९३५) सामान्यतः निरागस बालमनाचे चित्रण म्हणून वाचली जाते. हे वाचन अपुरे वाटते.

श्याम तसा निरागस नाही. पोहण्याच्या भीतीने तो लपून बसतो. आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालण्याची त्याला लाज वाटते. भय आणि लोकलज्जा या दोहोंशी त्याचा परिचय झालेला आहे. त्याचा चांगुलपणा प्रमादानंतर, आईच्या धाकातून व अश्रूंतून घडत जातो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वृद्धेची मोळी उचलून देण्यास आई सांगते, तेव्हा तर चांगुलपणा रूढीच्या विरोधात उभा राहतो.

या दृष्टीने निवेदनपद्धतीही अर्थपूर्ण ठरते. या आठवणी प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीच्या वेळी सांगतो. आई हयात नसल्याने त्याच्या कथनाला कबुलीचे स्वरूप येते. आपल्या उणिवा तो झाकत नाही, यातच त्याची नैतिक प्रौढता दिसते.

सारांश, या कृतीला केवळ ‘संस्कारकथा’ ठरविल्यास श्यामचे अपराध नजरेआड होतात आणि त्यांच्याबरोबरच त्याच्या चांगुलपणाचे मोलही हरवते. अध्यापनात याची दखल घेतली जाणे आवश्यक आहे.