गडचिरोलीची वही आणि आपली आशा

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात काय किंवा आणखी कुठल्या गावात काय, दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की आशाताईने तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी यायचे असते. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, मिनिटभर श्वास मोजते. श्वास साठ किंवा जास्त भरले तर धोका. ही रीत दिल्लीतल्या कचेरीत सुचलेली नाही. ती गडचिरोलीच्या खेड्यांतून आली.

डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्ग ओळखणे आणि पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देणेही त्यात होते. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू हजारी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आले. तुलनेच्या ४७ गावांत ते साठच्या आसपासच राहिले. हा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला.

आमची त्यावर एक तक्रार आहे. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि ऊब, स्तनपान, औषध असे सगळे एकदम दिल्यामुळे कशाने किती जीव वाचले हे वेगळे काढता येत नाही. अकरावीच्या वर्गात प्रयोगाची रचना शिकवताना हे जरूर दाखवावे.

पण निबंधातला एक बारीक तपशील आम्हाला आकड्यांहून मोलाचा वाटतो. दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर गावात जाई. तो बाळावर उपचार करत नसे. नोंदी तपासे, चुका दाखवी, शिकवी. एकाच वहीतून उपचार, शिक्षण आणि संशोधन चाले.

२०११ मध्ये ही पद्धत देशभर घेतली गेली तेव्हा भेटी आल्या, आशाचे इंजेक्शन गळले, आणि भरलेला तक्ता अडीचशे रुपयांच्या मोबदल्याला जोडला गेला. वही उरली, पण ती घेऊन तिच्याशी बोलायला पंधरवड्याला येणारा डॉक्टर मागेच राहिला. आमच्या मते खरे नुकसान तेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाणा आणि गडचिरोली, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा नियम आता आहे. त्या भेटीची सुरुवात रक्तदाब मोजण्याने न करता आशाताईची वही तिच्या शेजारी बसून वाचण्याने करावी.