पाहुण्यांचे पान

लंडनच्या बी. बी. सी.ने घरची पंगत आणि बाहेरची पंगत यांत भेद ठेवला आहे. घरची मंडळी दरवर्षी परवान्याचे पैसे भरतात आणि जाहिरातींवाचून सुखाने जेवतात. बाहेरच्यांसाठी १९९१ साली ‘वर्ल्ड सर्व्हिस टेलिव्हिजन’ या नावाने जे पान मांडले गेले, त्याचा खर्च मात्र जाहिरातदारांनी आणि वर्गणीदारांनी उचलावयाचा होता. १९९५ साली त्या पानाचे दोन वाटे झाले. करमणुकीचा ‘बी. बी. सी. प्राइम’, त्याचे वर्णन शिळे पण चवदार एवढे करून पुढे जाऊ. दुसरा बातम्यांचा ‘बी. बी. सी. वर्ल्ड’. विचार करावयाचा तो ह्याचा.

ह्या वाहिनीची तारीफ करणे मुळीच अवघड नाही. तास भरत आला की पडद्यावर सेकंद धावू लागतात, आणि त्यांच्या साथीला ते संगीत वाजते, ज्यात रेडिओवरचे वेळेचे जुने ठोके मोठ्या खुबीने गुंफले आहेत. निवेदक आवाज चढवीत नाही. एका वेळी एकच माणूस बोलतो! आपल्याकडील रात्रीच्या चर्चांनी ज्यांचे कान किटले आहेत, त्यांना बाजारातून उठून देवळाच्या गाभाऱ्यात आल्यासारखे वाटते. हवामानाच्या नकाशात आपला सारा मोसमी पाऊस अर्ध्या वाक्यात उरकला जातो खरा, पण जगाचा नकाशा मोठा आहे. तेवढे आपण सोसावे.

परंतु गाभाऱ्यातही दक्षिणेची पेटी असतेच. दुष्काळाची बातमी संपते न संपते तोच कुठल्याशा देशाच्या पर्यटनखात्याची निळी समुद्रकिनारपट्टी दिसू लागते. हे निदान उघड आहे. उघड नसलेलेही घडले. लंडनमधील एका निर्मितीसंस्थेने मलेशियाविषयीचे कार्यक्रम ह्या वाहिनीला नाममात्र किमतीत पुरविले. मलेशियाचे सरकारच त्या संस्थेचे गिऱ्हाईक होते, ही गोष्ट प्रेक्षकांना कोणी सांगितली नव्हती. बोभाटा झाल्यावर २०१२ साली वाहिनीला पडद्यावरून माफी मागावी लागली. ती तिने मागितली, हे तिच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे. पण घरच्या पंगतीत इतके स्वस्त पक्वान्न कोणी न चाखता वाढले असते काय?

पैशाहूनही अवघड प्रश्न आहे तो वाटेचा. बातमी लंडनची, पण ती पोचविणारा उपग्रह परक्याचा. आशियात ही वाहिनी आली ती हाँगकाँगच्या स्टार टी. व्ही.च्या खांद्यावर बसून. गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या तारा ओढल्या जाण्याचे ते दिवस. मराठी घरांत ती शिरली ती ह्याच वाटेने. १९९३ साली स्टारचा मोठा हिस्सा रुपर्ट मर्डोक यांनी घेतला. चीनच्या राज्यकर्त्यांना बी. बी. सी. खुपत होती, विशेषतः माओविषयीचा तिचा एक चित्रपट. १९९४ साली मर्डोक यांनी चीनकडे जाणाऱ्या उत्तरेकडील किरणातून ती काढून टाकली, आणि चीनची मर्जी राखणे हे त्यामागचे एक कारण होते, असे मागाहून स्वतःच कबूलही केले. दक्षिणेकडचा किरण चालू राहिला. उपग्रह तोच, वाहिनी तीच; दादरला दिसत होती, पेकिंगला दिसेनाशी झाली. आमच्या पानावर वाढणे चालू राहिले, म्हणून शेजारचे पान उचलल्याची आम्हांला फारशी जाणीव झाली नाही.

अरबी भाषेतील वाहिनीची कथा तर ह्याहून बोलकी आहे. १९९४ साली ती सौदी मालकीच्या ऑर्बिट कंपनीच्या पैशावर निघाली. सौदी अरेबियातील शिक्षापद्धतीवर टीका करणारा बी. बी. सी.चा एक कार्यक्रम तिने दाखविला आणि एप्रिल १९९६ मध्ये ती बंद पडली. तिथे तयार झालेले अनेक पत्रकार कतारला गेले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अल् जझीरा सुरू झाली. ह्या वाहिनीने परमुलखात मागे ठेवलेले सर्वांत टिकाऊ काम असे दुसऱ्याच्या नावावर जमा आहे!

पुढे २००८ साली अरबी आणि २००९ साली फारसी वाहिनी निघाली. ह्या वेळी पैसा ब्रिटिश परराष्ट्रखात्याचा होता. अरबी वाहिनीला जागा व्हावी म्हणून पोलिश, चेक, हंगेरियन, ग्रीक, थाई अशा दहा भाषांतील रेडिओ बंद करण्याचे २००५ सालीच ठरले होते. आपल्याला ह्याचे नवल वाटू नये. लंडनहून मराठी रेडिओ सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धात आणि मिटला १९५८ साली; दूरचित्रवाणीची पाळी तर मराठीवर आलीच नाही. तिथे बोलीची निवड तिच्या गोडीवरून होत नाही, त्या दिवशीच्या निकडीवरून होते. तरीही फारसी वाहिनीविषयी मला आदर वाटतो. सरकारी पैशावर चालूनही ती इराणात घराघरांत पाहिली गेली, २००९ च्या निवडणुकीनंतर तिच्या लहरींत अडथळे आणले गेले, आणि तिच्या पत्रकारांच्या छळाविरुद्ध बी. बी. सी.ला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांकडे जावे लागले. इंग्रजी वाहिनीची सफाई तिच्यात असेल नसेल. तिच्यासमोर बसणारा माणूस मात्र विमानतळावर वेळ काढणारा प्रवासी नव्हता.

म्हणून माझी तक्रार निवेदकांविरुद्ध नाही. ही वाहिनी जगातल्या सर्वांची झाडाझडती घेते; आपले पान कोणी वाढले आणि ते कोण उचलू शकतो, हे मात्र ती जेवणाऱ्याला आपण होऊन सांगत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये काटकसरीसाठी घरची आणि बाहेरची वृत्तवाहिनी एक करण्यात आली. आता दिवसाचा बराचसा भाग लंडनकरही आपल्याच पंगतीला बसतो. घरात काही मोठे घडले तरच त्याला वेगळे वाढतात. जाहिराती तेवढ्या अजून बाहेरच्यांसाठीच आहेत. आपण त्या पाहत असतो तेव्हा त्याच्या पडद्यावर काहीतरी किरकोळ दाखवून वेळ भरून काढतात.