चोचीने प्यायचा पाऊस

गेले नऊ दिवस हॉलमध्ये कपड्यांचा स्टँड उभा आहे. फॅन पाचवर. तरी जीन्सच्या कमरेची पट्टी दमट ती दमटच. मीटिंगमध्ये कॅमेरा लावायचा तर आधी मागचे टॉवेल हलवावे लागतात. बाहेर पुण्याचा पाऊस, जोर नाही पण थांबायचं नावही नाही. आणि ग्रुपवर दर जुलैत येतात तशा कविता सुरू झाल्यात: चहाचा कप, खिडकीची काच, कांदाभजी आणि 'ती'.

त्या गर्दीत कुणीतरी बा. सी. मर्ढेकरांची 'आला आषाढ-श्रावण' टाकली. कॉलेजात ऐकली होती तेव्हा मला ती मर्ढेकरांची सुट्टीच्या दिवशीची कविता वाटली होती. पिंपातल्या उंदरांवर लिहिणारा, 'काही कविता'साठी अश्लीलतेचा खटला सोसलेला माणूस. त्यानेही एकदा पावसाचं गोड गाणं लिहिलं, इतकंच. या वेळी स्टँडशेजारी बसून वाचली आणि माझं मत बदललं.

एक तर या कवितेतला पाऊस शहरात पडतो. मातीच्या ढेकळांचा वास येतो तसाच डांबरी रस्ताही धुऊन निघतो. (आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांबद्दल मर्ढेकरांना काही न सांगितलेलं बरं.) आणि मग येतात चाळीचाळीतली ओली चिरगुटं. कपडे नाही, वस्त्रं तर नाहीच. चिरगुटं. पावसाच्या गोड कवितेत हा शब्द घ्यायला धाडस लागतं. ग्रुपवरच्या एकाही कवितेत न वाळलेला कपडा नाही.

दुसरं म्हणजे मापं. कवितेतला आनंद सगळा मोजून दिलेला आहे. पाऊस प्यायला घागर नाही, चातकाची चोच आहे. वीज ओशाळते ती थोडीच. मनातल्या तापलेल्या तारा निवतात त्याही जराच. शेवटी दिशाही निवतात, पण तोवर आपल्याला हिशेब कळलेला असतो: तापलेपण खरं आहे, पावसाने ते मिटत नाही, थोडा वेळ उतरतं.

अडलो मी यमाशी. मर्ढेकर म्हणतात, तोही ओशाळला. मला हे पटेना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत लाइट नव्हते, फोन लागत नव्हता, आणि बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. त्या रात्री मुंबईत कितीतरी घरांत माणूस आलाच नाही. यम कुठे ओशाळला होता?

मग पुन्हा वाचताना एक शब्द दिसला, जो मी आधी नुसता ओलांडला होता: 'येथे'. कोडमध्ये व्हेरिएबलला स्कोप असतो, त्या कंसाबाहेर त्याला किंमत नाही. तसा हा 'येथे' आहे. यम जगातून गेलेला नाही, या कोपऱ्यात, या क्षणापुरता संकोचलाय. तो आसपास आहे म्हणूनच धावत्या क्षणाला ओलसर गोडी येते. भजीच्या कवितांमध्ये यम नसतो, म्हणून त्या गोड असूनही चव लागत नाही.

तरी माझी एक तक्रार उरते. या कवितेत चिरगुटं आहेत, पण ती वाळत घालणारे हात नाहीत. कौलं, पक्षी, मेघ, यम सगळे आहेत, बाई नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरात तार बांधलेली असायची. आई रात्री माझा युनिफॉर्मचा शर्ट इस्त्रीने वाळवायची, वाफ निघायची, आणि सकाळी तो अंगात घालताना कॉलर कोमट लागायची. माझ्या पावसाळ्याचं सगळ्यात मोठं सुख ते. आईच्या पावसाळ्याचं काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. मर्ढेकरांनीही नाही.

काल फोन करून विचारलं. आई म्हणाली, "सगळे घरी आले की दार लावायचं. मग पडू दे कितीही."

दोन वाक्यांत यमही आला आणि 'येथे'ही. चोचभर.