डिटेक्टर वाजतो, काळ सांगत नाही

मार्च 2025 मध्ये 'छावा' सिनेमानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरातल्या शेतांत लोक रात्री मेटल डिटेक्टर घेऊन मोगलकालीन नाणी शोधायला उतरले. चर्चा झाली ती सोन्याची. माझा आक्षेप पद्धतीवर आहे.

डिटेक्टरच्या कॉइलमधलं बदलतं चुंबकीय क्षेत्र धातूत भोवरी प्रवाह निर्माण करतं. यंत्र तेवढंच ओळखतं. खापर, मणी, हाड, कोळसा त्याच्या लेखी नाहीतच. पण नाणं तिथं कधी आणि कसं आलं हे ठरतं ते याच वस्तूंवरून आणि मातीच्या थरावरून. खड्डा खणला की थर गेला. हा प्रयोग पुन्हा करता येत नाही.

आपलं कल्याणच घ्या. कान्हेरीच्या शिलालेखांत इथले दाते आहेत, 'पेरिप्लस'मध्ये हे बंदर आहे. उद्या जुना वाडा पाडून टॉवर उभा राहताना पायाखाली नाणं दिसलं, तर या उल्लेखांना मातीतला पुरावा जोडता येईल. पण जागेवरच नोंद झाली तरच. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो.

दोष यंत्राचा नाही. ब्रिटनमध्ये 1997 पासून हौशी शोधकांच्या वस्तू जागेसह नोंदवण्याची योजना चालते.

तुमचा विषय कुठलाही असो, सॅम्पल उचलण्याआधी त्याची जागा वहीत लिहा. जागा नसेल, तर ते सॅम्पल नाही, नुसती वस्तू आहे.