‘थिंक टँक’ आणि खलबतखाना

हल्ली कोणतेही मराठी वृत्तपत्र उघडावे, तो ‘थिंक टँक’ हा शब्द समोर येतो. शासनाने नेमलेली समिती, स्वतंत्र संशोधनसंस्था, पक्षनेत्याभोवतीचे चार जाणते, सर्वांना तो एकच. शब्द परका आहे ही आमची तक्रार नव्हे. तो भेद पुसून टाकतो, ही आहे.

इंग्रजीत प्रथम तो केवळ ‘डोके’ या अर्थी थट्टेने वापरीत. दुसऱ्या महायुद्धात सेनाधिकारी व शास्त्रज्ञ जेथे गुप्तपणे विचारविनिमय करीत त्या जागेला तो लागला, आणि नंतर अमेरिकेतील ‘रँड’सारख्या संस्थांना. गंमत अशी की, त्या मधल्या अर्थाचा शब्द मराठीपाशी केव्हाचाच होता. गडावरील खलबतखाना तो हाच! परंतु खलबताला आता कारस्थानाचा वास येतो. सभ्य संस्थांना तो लावता येणार नाही.

आम्हां कलकत्तेकरांना बंगाली दैनिकांत ‘उपदेष्टामंडली’ भेटते. मराठी कानाला त्यात आधी उपदेश ऐकू येतो, आणि ‘मंडळी’ म्हटले की घरधनीण आठवते. आपले ‘सल्लागार मंडळ’च बरे. मात्र सल्ला हा मागितल्यावर द्यावयाचा असतो. स्वतःच्या अभ्यासक्रमाने चालणारी संस्था निराळी.

हा भेद आमच्या शहराच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापिलेली भारतीय सांख्यिकी संस्था ही खरी अभ्याससंस्था. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा महालनोबिसांचा आराखडा १९५५ साली तिच्याच कार्यातून पुढे आला. त्याच वर्षी त्यावर मत देण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांचे मंडळ बसले. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ त्यात होते. हे सल्लागार मंडळ. बहुमताने आराखडा उचलून धरला, तेव्हा बी. आर. शेणॉय यांनी तुटीच्या अर्थभरण्याविरुद्ध एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. मंडळाच्या अहवालावर सह्या असतात, म्हणूनच सही नाकारण्यालाही तेथे अर्थ असतो. संस्थेचा निबंध त्याच्या लेखकाच्या नावाने उभा राहतो वा पडतो. दोघांना एकाच टाकीत बुडविले, तर शेणॉय यांनी नेमके काय केले हे मराठीत सांगताच येणार नाही.

नेत्याभोवतीच्या चार जाणत्यांचा मात्र कागदच नसतो. त्यांच्यापुरता ‘खलबतखाना’ पुन्हा चालू करण्यास आमची हरकत नाही.